गाडी घूंघूं करतेय, टायर एकाच बाजूने झिजतोय? नवा टायर घेण्याआधी हे तपासा

अवसरी खुर्द (ता. आंबेगाव) : नवे टायर टाकून वर्षही झालं नाही आणि एका बाजूची नक्षी पार गेली. पन्नासच्या वर वेग गेला की खालून घूंघूं आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो बेरिंग गेलंय, टायरवाला म्हणतो टायर बदला. मंचर, घोडेगाव, नारायणगाव भागातल्या गाडीमालकांना हे काही नवीन नाही. मग खरं कुणाचं? हे पैसे मोजण्याआधी आपलं आपल्यालाही बरंचसं कळू शकतं. त्यासाठी मोठं मशीन लागत नाही. तळहात, कान, हवा मोजायचं मीटर आणि मोकळा अर्धा तास पुरतो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. टायर आपणहून वाकडा झिजत नाही, त्याला कुणीतरी झिजवत असतं. हवा, अलायमेंट, शॉकअप, बेरिंग किंवा वाकलेला एखादा पार्ट यांपैकी काहीतरी त्यामागे असतं. ते न शोधता नवा टायर टाकला की आवाज काही दिवस बंद होतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण मूळ कारण तसंच असल्यामुळे नवा टायरही त्याच वाटेने जातो. छोट्या गाडीचे चार टायर म्हटले तरी दहा-पंधरा हजारांना कात्री लागते. ती दोनदा कशाला लावून घ्यायची?

आपल्याकडे टायर जास्त का खाल्ले जातात?

गावाकडची गाडी शहरातल्या गाडीसारखी चालत नाही. पुणे-नाशिक महामार्गावर ती ऐंशीने पळते आणि तिथून उतरली की दहा मिनिटांत शेताच्या बांधाला लागलेली असते.

ऊस गाळपाच्या दिवसांत पारगावकडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. समोरून भरलेली ट्रॉली आली की आपण डावी चाकं साईडपट्टीवर उतरवतो आणि ती गेली की पुन्हा डांबरावर चढवतो. डांबराची ती कड कधी चार बोटं उंच असते. रोजच्या या चढ-उतारात मार बसतो तो डाव्या टायरच्या बाजूला आणि डाव्या चाकाच्या सांध्यांना. म्हणून तपासणीची सुरुवात पुढच्या डाव्या चाकापासून करा.

दुसरं कारण ओझं. कांद्याच्या गोण्या, बटाट्याची पोती, टोमॅटोचे क्रेट असा माल मंचर किंवा नारायणगावच्या मार्केटला नेताना हवा मात्र रिकाम्या गाडीचीच असते. तिसरं कारण चिखल आणि पाणी. ओढ्यातून गाडी काढली, किंवा सर्व्हिसिंगला जोराच्या फवाऱ्याने हबवर पाणी मारलं, तर बेरिंगच्या सीलमधून पाणी आत शिरू शकतं. मग ग्रीस खराब होतं, गंज धरतो आणि बेरिंग वाजायला लागतं.

टायरवर हात फिरवा, तोच सांगेल

गाडी सपाट जागेवर उभी करा आणि हँडब्रेक ओढा. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की पुढच्या टायरची आतली बाजूही दिसते. आधी डोळ्यांनी बघा, मग हात फिरवा. टायरमध्ये तार किंवा खिळा असू शकतो म्हणून हात सावकाश फिरवा, जमलं तर जाड फडकं घ्या. झीज कुठे आहे त्यावरून कारण ओळखता येतं.

दोन्ही कडा झिजल्या, मधली नक्षी शाबूत : हवा कमी. टायर मध्ये दबतो आणि सगळा भार कडांवर येतो. अशा टायरला उष्णता जास्त होते. त्यात ओझं आणि वेग वाढला तर फुटण्याची भीती इथेच सगळ्यात मोठी.

मधला पट्टा झिजला, कडा चांगल्या : हवा जास्त. 'थोडी जास्तच मारा, महिनाभर बघायला नको' ही सवय इथे नडते. टायर मध्ये फुगतो आणि तेवढाच भाग रस्त्याला टेकतो.

फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली : अलायमेंट बिघडलंय, नाहीतर बॉल जॉइंट, लोअर आर्म, बुश यांपैकी काही ढिलं किंवा वाकलेलं आहे. आतली कड उभ्या-उभ्या दिसत नाही. बाहेरून टायर नवा वाटतो आणि आतून तारा निघालेल्या असतात. म्हणून वाकून बघायचा कंटाळा करू नका.

करवतीसारखे दात : टायरच्या रुंदीवर हात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने हाताला बोचतं, असं असेल तर चाक सरळ न फिरता जरा तिरकं घासत चाललंय. हे बहुतेक वेळा 'टो' बिघडल्याचं लक्षण असतं.

ठिकठिकाणी खळगे : आता टायरच्या गोलाईवर, चाक फिरतं त्या दिशेने हात फिरवा. उंच-सखल लागलं तर चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारतंय. शॉकअप कमजोर झालेला असतो, बॅलन्सिंग गेलेलं असतं किंवा बेरिंग ढिलं झालेलं असतं. असा टायर अगदी बेरिंगसारखा आवाज करतो आणि इथेच भलेभले फसतात.

एकाच जागी सपाट चट्टा : जोरात ब्रेक दाबून चाक जाम झालं आणि टायर घासत गेला, की असा चट्टा पडतो. गाडी कित्येक महिने एकाच जागी उभी राहिली तरी टायर तिथे बसतो. मग चालताना धप-धप जाणवतं.

आवाज टायरचा की बेरिंगचा?

दोन्ही आवाज वेगासोबत वाढतात आणि दोन्ही घूंघूंच करतात. फरक ओळखायच्या चार सोप्या परीक्षा आहेत. रस्ता मोकळा हवा, शेजारी ऐकायला दुसरं माणूस हवं. काचा वर, पंखा आणि गाणी बंद.

पहिली परीक्षा, रस्ता बदलून : खडबडीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर किंवा काँक्रीटवर जा. वेग तोच ठेवा. आवाज एकदम बदलला किंवा कमी झाला तर संशय टायरवर. रस्ता कुठलाही असो, आवाज तसाच राहिला तर संशय बेरिंगवर.

दुसरी परीक्षा, न्यूट्रल करून : सरळ, सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर थोडा वेळ गिअर न्यूट्रल करा. गाडी त्याच वेगाने घरंगळत असताना आवाज तसाच चालू राहिला तर तो इंजिनचा नाही, चाकांकडचा आहे. घाटात किंवा उतारावर हे अजिबात करू नका, आणि चावी कधीच बंद करू नका. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

तिसरी परीक्षा, वळणावर : गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळते तेव्हा डाव्या चाकांवर. एखाद्या लांबट वळणावर बेताच्या वेगात लक्ष देऊन ऐका. डाव्या वळणावर आवाज वाढला आणि उजव्या वळणावर कमी झाला, तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेरिंग दोषी असतं. उलट झालं तर डाव्या बाजूचं. यासाठी पेठ-अवसरी घाटात गाडी झोकायची गरज नाही, साधं वळण पुरतं.

चौथी परीक्षा, चाकं बदलून : एकाच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावा, मग त्याच रस्त्याने त्याच वेगात जा. आवाज पुढून मागे सरकला किंवा त्याचा सूर बदलला, तर तो टायरचा. आवाज जिथल्या तिथे राहिला तर बेरिंगचा. पंक्चरवाल्याकडे हे काम थोड्या पैशांत होतं आणि कोण खरं बोलतंय याचा निकाल लागतो.

जॅकवर घेऊन तपासताना

हे जमत असेल तरच करा, नाहीतर गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घ्या. जमीन कडक आणि सपाट हवी. पुढचं चाक उचलणार असाल तर हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. मागचं चाक उचलणार असाल तर ते फिरवायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दगड पक्के लावा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअप किंवा व्हॅनचं मागचं चाक मात्र गॅरेजमध्येच तपासून घ्या. आणि एकट्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका.

चाक हवेत आलं की एक हात वर आणि एक हात खाली धरून ते आत-बाहेर हलवा. खटखट हाललं तर बेरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला आहे. दोघांपैकी कोणता? दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालणं थांबलं तर बेरिंग, तरीही हाललं तर बॉल जॉइंट किंवा बुश. आता पुढच्या चाकाला डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. तसं हालत असेल तर टाय रॉडचा सांधा बघायला सांगा.

मग चाक हाताने फिरवा (फक्त पुढचं चाक असेल तर आधी गाडी न्यूट्रल करा) आणि दुसरा हात जवळच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेरिंग असेल तर खरखर कानाला नाही, पण हाताला जाणवते. चांगलं बेरिंग हाताला शांत लागतं.

बाकीचे आवाज काय सांगतात?

- पूर्ण वळवल्यावर कट-कट-कट : पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर उडतं आणि माती आत जाते. फाटलेलं बूट वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो.
- वेगासोबत वाढणारी टिक-टिक : नक्षीत खडा किंवा खिळा अडकलाय का बघा, आणि लगेच चाकाचे नटही तपासा. ढिला नट असाच आवाज करतो.
- ब्रेक दाबताना चीं-चीं : ब्रेक पॅड संपत आलेत. पुढे खर्र-खर्र सुरू झालं म्हणजे पॅड संपून लोखंड डिस्कवर घासतंय.
- कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक खर्रर : डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात बारीक खडा अडकतो. गाडी सावकाश थोडी पुढे-मागे घेतली की बऱ्याचदा तो निघून जातो.
- खड्ड्यात खडखड, सरळ रस्त्यावर शांत : लिंक रॉड, बुश किंवा शॉकअपचं माउंटिंग.
- ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरणं : बॅलन्सिंग. पण पावसाळ्यात आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आहे का बघा. काळ्या मातीचा मूठभर गोळा एका बाजूला चिकटला तरी चाक डुगडुगतं. पाण्याने धुतलं की काम होतं, एक रुपयाही लागत नाही.
- गाडी एका बाजूला ओढते : आधी हवा तपासा. हवा सारखी असेल तर अलायमेंट. गाडी थांबवल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं, तर ब्रेक चिकटतोय किंवा बेरिंग जातंय. तळहात चाकाजवळ नेला तरी कळतं, लोखंडाला हात लावू नका, भाजेल.

'अलायमेंट केलं' म्हणजे नेमकं काय केलं?

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑटोमोबाइलची शाखा आहे. तिथे पुस्तकात जे कॅम्बर आणि टो शिकवतात, तेच गॅरेजमध्ये 'अलायमेंट' या एका शब्दात उरकतं. समजायला अवघड काही नाही. माणूस चालताना पावलं आत वळवून किंवा फाकवून चालला तर चप्पल एका बाजूने झिजते. पुढच्या दोन चाकांची पावलं आत आहेत की बाहेर, याला टो म्हणतात. समोरून बघताना चाक ताठ आहे की वरून आत किंवा बाहेर कललंय, हा कॅम्बर.

बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये टो जुळवता येतो, कॅम्बर जुळवायची सोय नसते. म्हणजे कॅम्बर बिघडलेला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि तो पार्ट बदलल्याशिवाय कितीही वेळा अलायमेंट केलं तरी उपयोग नाही. 'दोनदा अलायमेंट केलं तरी टायर खातेच' अशी तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा हेच निघतं.

म्हणून गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागा. आधी बुश, बॉल जॉइंट आणि बेरिंग तपासून घ्या, त्यानंतरच अलायमेंट. मशीनवर करत असतील तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद घ्या. आणि जुना पार्ट बदलला तर तो हातात मागा, कुठे झिजला होता ते दाखवायला सांगा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

टायर बदलायचाच कधी?

टायरच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. त्यांची जागा दाखवायला टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा खूण असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. कारसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो, पण पहिल्या पावसात त्याच्याखालचं पाणी बाहेर निघायला वाट राहत नाही. गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही थांबत नाही. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या, त्यामागे अपघातांचीच भीती होती.

नक्षी चांगली असली तरी टायरच्या बाजूला फुगा आला, खोल चीर पडली किंवा तार दिसली तर तो टायर लगेच काढा. फुग्याला दुरुस्ती नाही.

टायरची जन्मतारीखही त्याच्या अंगावरच असते. लंबगोल चौकटीत शेवटचे चार आकडे बघा. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. जुनी गाडी किंवा सेकंड टायर घेताना हे आकडे वाचल्याशिवाय व्यवहार करू नका. उन्हात उभ्या गाडीचा टायर कमी चालला तरी रबर कडक होऊन बारीक भेगा पडतात.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे टाका. ऐकायला उलटं वाटतं, कारण आपण नवा माल पुढे टाकतो. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता तरी येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

महिन्याला अर्धा तास द्या

- दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील तर ओझं भरायच्या दिवशी त्याप्रमाणे हवा वाढवा.
- महिन्यातून एकदा टायरवर हात फिरवा. आतली कड विसरू नका.
- आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढची मागे, मागची पुढे करा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका.
- मोठ्या खड्ड्यात चाक जोरात आदळलं असेल तर पुढच्या फेरीची वाट न बघता अलायमेंट तपासा.
- चाक काढून लावलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने आवळा.

हे दिसलं तर पुढे जाऊ नका

घूंघूं आवाजासोबत चाक हातानेच हालतंय, हबजवळून जळकट वास येतोय, नट ढिले आहेत, टायरला फुगा आलाय किंवा तार दिसतेय, यांपैकी एक जरी असेल तर 'मंचरपर्यंत सावकाश जाऊ' असा विचार करू नका. गाडी बाजूला घ्या आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा. पार संपलेलं बेरिंग चाक जाम करू शकतं किंवा चाकच सुटू शकतं. रात्री पुण्याच्या दवाखान्यात पेशंट घेऊन निघायची वेळ सांगून येत नाही. त्या वेळी गाडी नुसती सुरू होऊन भागत नाही, चारही चाकं भरवशाची लागतात.